गुडघ्याची सूज अंगावर काढू नका

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने वाढत्या वयात, बहुधा गुडघ्याजवळ होतो आणि फुप्फुसांत पसरतो. या प्रसाराला संदेशवाहक प्रथिने दिशा देतात. फुप्फुसातले सीएक्ससीएल-१२ हे प्रथिन कर्कपेशीवरील सीएक्ससीआर-४ या ग्राहीला चिकटते. पेशीचा आतला सांगाडा हलतो आणि ती सरकू लागते. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्याने ती भोवतालची ऊती विरघळवणारी विकरे सोडते आणि रक्तवाहिनीत शिरते. हे संदेश रोखणारी औषधे प्रामुख्याने संशोधनाच्या टप्प्यात आहेत. आज मुख्य भिस्त केमोथेरपी व शस्त्रक्रियेवरच आहे. असे उपचार देणारे परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांसाठी झटत आहे. पण निदान वेळीच व्हावे म्हणून कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातील पालकांनी मुलांच्या गुडघ्याची रात्री वाढणारी वेदना मुका मार समजू नये. मालिश टाळावी, एक्स-रे त्वरित काढावा.