न्यायाची जागा दानाने भरून येत नाही

संपादक महाशय,


गरिबांचे पोषण सरकारने अंगावर घेतल्यामुळे धर्मग्रामांतील (पॅरिशमधील) दयाबुद्धी आटत चालली असून, दान हे ज्याने त्याने स्वहस्ते, ओळखीच्या माणसास द्यावयाचे असल्याने कॅथलिक समाजविचारात सरकारी अनुदानांस स्थानच नाही, असा जो सूर आमच्या वसईतील बैठकींतून वारंवार ऐकू येतो, त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे पोप अकरावे पायस यांचे १९३१ सालचे ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्रक. जे कार्य लहान मंडळास स्वबळावर साधते ते वरिष्ठ सत्तेने हिरावून घेणे हा अन्याय होय, असे त्यात आहे खरे. परंतु त्याच वर्षी मुसोलिनीचे सरकार इटलीतील कॅथलिक तरुणांची मंडळे बरखास्त करीत होते, आणि निराधार विधवेस अनुदान मंजूर करणाऱ्या कचेरीची त्या सर्वभक्षक सत्तेशी बरोबरी करणे हा त्या वचनाचा विपर्यास आहे. न्यायाचा उघड भंग दानधर्माने झाकून घेऊ पाहणाऱ्यांचा त्याच परिपत्रकाच्या आरंभी निषेध केलेला आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. पोप तेरावे लिओ यांनीही १८९१ साली, चर्चच्या दानकार्याची जागा सरकारी मदतीने घेण्यास हरकत घेतली असली तरी, धनिकांस स्वसंरक्षणाची साधने असतात, गरिबास राज्याचाच आश्रय असतो, म्हणून त्याची चिंता राज्याने विशेषत्वाने वाहावी, असे निःसंदिग्धपणे लिहिले.

अमेरिकेतील डोरोथी डे यांचे नाव या वादात आदराने घेतले जाते, व ते घ्यावेच. १९३३ साली पीटर मॉरिन यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे पत्र काढून भुकेल्यांसाठी घरे उघडणाऱ्या या बाईंनी, सामाजिक सुरक्षेचे कायदे हा ख्रिस्ती धर्माचा मोठा पराभव होय, असे १९४५ साली लिहिले. परंतु तो लेख नीट वाचला असता दिसते की, त्यांचा रोष कामगारास कुटुंब पोसण्याइतके वेतन न देता बायबलमधील भाऊघातकी काइनाप्रमाणे जबाबदारी झटकणाऱ्या मालकावर आहे. आपत्तीच्या वेळी राज्याने धावून गेले पाहिजे, ही पोप अकरावे पायस यांची शिकवण त्या तेथेच नमूद करतात. पराभव झाला तो शेजारधर्माचा, आणि त्याची शिक्षा उपाशी माणसाने का भोगावी?

ओळखीच्या हाताने मिळणाऱ्या दानात ऊब असते, हे मी मनापासून मानतो; पण त्याच हाताला मर्जीही असते. ज्या विधवेचे गावच्या प्रतिष्ठितांशी वितुष्ट आहे, किंवा जी लाजेने तोंड उघडत नाही, तिच्यापर्यंत ते दान पोहोचत नाही. हक्काच्या रकमेसाठी मात्र तिला कोणाचीही मेहेरबानी संपादावी लागत नाही.

स्थानिक पुरुषार्थाचे मोल आम्हां वसईकरांस कोणी शिकवावयास नको. १९१८ साली मॉन्सेनियर मोनीस यांनी येथे कॅथलिकांची सहकारी पतपेढी स्थापिली, तिची पुढे बँक झाली. परंतु कर्ज फेडण्याची ऐपत असणाऱ्यास पेढी तारते. जिच्या घरात कमावते माणूसच उरले नाही, तिला कोणती पेढी तारणार?

म्हणून माझी सूचना अशी की, १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह सुरू केलेल्या संत विन्सेंट दी पॉल संस्थेच्या ज्या शाखा आपल्या धर्मग्रामांत आहेत, त्यांनी धान्यवाटपाबरोबर कागदपत्रांचे कामही हाती घ्यावे: पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याकडील व तहसील कचेरीतील खेपा, यांत निराधार विधवेच्या सोबत उभे राहावे, आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू झाल्यावरही तिच्या घरी जाणे थांबवू नये. वार्षिक अहवालात किती धान्य वाटले या आकड्याशेजारी किती अर्ज मंजूर करून आणले हाही आकडा त्यांनी छापावा, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वसई