उजेड बाटलीवर टाकू नका

आमच्या वस्तीतील भगिनींचा बचत गट सरबते तयार करतो. कोकम, आवळा आणि आले-लिंबू. गटाचा हिशेब लिहिण्याचे काम आमच्याकडे आहे. वस्तीत बी.कॉम. झालेला माणूस असला की असली कामे त्याच्याकडे आपोआप चालत येतात. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातील एका दुकानदाराने आपल्या दुकानात माल ठेवण्याची तयारी दाखविली. अट एकच. तो म्हणाला, "आधी बाटल्यांचे फोटो पाठवा. गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवर फोटो बघूनच मागणी करते."

गटाच्या ताईंनी खिडकीत बाटल्या मांडल्या आणि मोबाइलने फोटो काढून पाठविले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "ताई, बाटलीत सरबत दिसतच नाही. तुमची खिडकी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात आणि फोटो काढणाऱ्या तुम्हीसुद्धा दिसता."

हे वाचून सगळ्याजणी हसल्या. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. २०० बाटल्या भरून तयार होत्या. फोटो स्टुडिओत चौकशी केली, तर एका फोटोचे ५०० रुपये सांगितले. तीन सरबते, प्रत्येकाची लहान आणि मोठी बाटली, म्हणजे ६ फोटो. ३,००० रुपये झाले. एका बाटलीमागे गटाला २० रुपये सुटतात. म्हणजे १५० बाटल्यांची कमाई नुसत्या फोटोवर खर्च होणार. बायकांनी रात्री जागून आवळे किसायचे ते काय एवढ्यासाठी?

आमचा भाचा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली काम करतो. त्याच्या कानावर हे गेले. उस्तादाकडून कॅमेरा आणि स्टुडिओत वापरतात ते दोन मोठे फ्लॅश एका शनिवारच्या रात्रीपुरते मागून तो आमच्या घरी आला. म्हणाला, "मामा, फ्लॅश आहे तर काळजी कसली? एकदम लख्ख उजेड पडेल."

उजेड लख्ख पडला, हे खरे. पण फोटो पाहिला तर बाटलीच्या छातीवर पांढरा डाग, लेबल अर्धे पुसलेले, कोकम डांबरासारखे काळे आणि आवळ्याच्या बाटलीच्या कडा मागच्या भिंतीत विरघळलेल्या. फ्लॅश डावीकडे नेला की डाग डावीकडे जाई, उजवीकडे नेला की उजवीकडे. जोर वाढविला तर डाग मोठा झाला. रात्री बारापर्यंत ४० फोटो काढून झाले. त्यांतला एकही पाठविण्याजोगा नव्हता.

कोडे सोडविले ते आमच्या घरातील मंडळींनी. चहाचे पातेले घासता घासता त्या म्हणाल्या, "अरे, अंधारात या पातेल्यावर बॅटरी मारली तर पातेले दिसते का? बॅटरीच दिसते. बाटलीचेही तेच होत असेल."

वाचकहो, साऱ्या विद्येचे सार या दोन वाक्यांत आहे. भिंत, कापड, कागद यांच्यावर उजेड पडला की तो चारी दिशांना विखुरतो, म्हणून ती वस्तू आपल्याला कुठूनही दिसते. काच गुळगुळीत असते. तिच्यावर उजेड ज्या कोनात पडतो, त्याच कोनात तो पलीकडे परततो. उरलेला उजेड काचेतून आरपार निघून जातो. म्हणजे काच स्वतः उजळत नाही. ती फक्त आजूबाजूला जे असेल ते दाखविते. खिडकी असेल तर खिडकी, फ्लॅश असेल तर फ्लॅश. तेव्हा उजेड बाटलीवर टाकायचा नसतो. बाटली जे पाहते आहे, त्याच्यावर टाकायचा असतो.

एवढे उमगल्यावर पुढची मांडणी आमच्या १० बाय १२ च्या खोलीतही जमली. ती इथे क्रमाने देतो. कोणाही घरात जमण्यासारखी आहे.

पहिले काम मागच्या बाजूचे. खोलीत आडवी दोरी बांधून तिला कपड्याच्या चिमट्यांनी मोठा ट्रेसिंग पेपर लावला. एक फ्लॅश त्या कागदाच्या मागे, दोन फुटांवर, कागदाकडे तोंड करून ठेवला. कागदाच्या पुढे दोन फुटांवर स्टूल आणि स्टुलावर बाटली. आता फ्लॅश उडाला की सारा कागद एकसारखा पांढरा उजळतो आणि तो उजेड बाटलीतून आरपार आपल्याकडे येतो. आले-लिंबाचे सरबत पहिल्याच फोटोत मधासारखे दिसू लागले.

पण कडा अजून फिक्या होत्या. यावर उपाय काळ्या चार्ट पेपरचा. कॅमेऱ्यात मागचा जेवढा भाग दिसतो तेवढीच चौकट उघडी ठेवून बाकीचा पांढरा कागद काळ्या कागदाने झाकून टाकावा. शिवाय बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत इतक्या अंतरावर, काळ्या कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या ठेवाव्यात. बाटलीची गोल कड उजेडाला वाकविते, त्यामुळे चौकटीबाहेरचा काळा रंग नेमका त्या कडेवर उमटतो. पांढऱ्यावर पेन्सिलने रेघ ओढावी तशी बाटली उठून दिसते. मागे काळा रंग हवा असेल तर हेच उलटे करावे. पांढऱ्या कागदाच्या मधोमध काळा चौकोन लावावा आणि त्याच्या चारी बाजूंनी उजळलेला पांढरा काठ सोडावा. मग काळ्यावर बाटलीची कड चांदीच्या तारेसारखी चमकते.

दुसरे काम लेबलाचे. लेबल कागदाचे, त्यातून उजेड जात नाही. मागून प्रकाश दिल्यावर ते काळे पडते. त्यासाठी दुसरा फ्लॅश बाटलीच्या एका बाजूला ठेवावा. मध्ये बाटलीहून उंच असा दुसरा ट्रेसिंग पेपर टांगावा. त्यामुळे डागाऐवजी बाटलीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक सरळ, मऊ पट्टी उमटते आणि काच गोल आहे हे डोळ्यांना पटते. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की लेबलाचा अंधारा भागही उजळतो.

तिसरे काम कॅमेऱ्याचे. आयएसओ १००, शटर १/१२५ आणि भिंगाचे तोंड एफ ८ ते एफ ११, इथून सुरुवात करावी. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढावा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. तसा आला म्हणजे खोलीतला दिवा फोटोत ढवळाढवळ करीत नाही, असे समजावे. शटर फार जलद ठेवले तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो, त्याला भिऊ नये. शटर कमी करावे. फ्लॅशचे अंतर दुप्पट केले तर उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. म्हणून फ्लॅश बोटभर सरकवून पाहावा, हातभर नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. कारकुनाची ही सवय त्या रात्री फार कामी आली.

बहुतेक मोबाइलने हे मोठे फ्लॅश उडविता येत नाहीत. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी फ्लॅशच्या जागी एलईडी दिवा ठेवावा आणि मोबाइल डब्याला टेकवून स्थिर करावा. कागदांची मांडणी तीच. आणि कसाही फोटो काढा, आधी बाटली सुती कपड्याने पुसा आणि नंतर तिला उघड्या बोटांनी शिवू नका. डोळ्यांना न दिसणारा ठसा मागच्या उजेडात ठळक दिसतो.

आता खरी गोष्ट सांगतो. पहाटे दोनच्या सुमारास सगळे जमले, फक्त कोकम जमेना. आमच्या गटाचे कोकम दाट असते. मागचा फ्लॅश पूर्ण जोरात ठेवला तरी मोठी बाटली काळीच. भाचा म्हणाला, "मामा, एका बाटलीतले अर्धे काढू आणि पाणी भरू. माणकासारखे लाल दिसेल. फोटोत कोणाला कळते?"

आम्हाला तो उपाय पटला होता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. डोळे मिटत होते आणि सकाळी फ्लॅश परत करायचे होते. पण गटाच्या ताई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, गिऱ्हाईक फोटोतले लाल बघून बाटली मागवील. घरी काळी बाटली गेली की म्हणेल, बायकांनी फसविले. एकदा नाव गेले की परत येत नाही. दाट आहे ते दाटच दिसू दे."

आम्ही गप्प झालो. हिशेबाच्या वहीत एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देणारे आम्ही, फोटोत पाणी भरायला निघालो होतो.

वाट त्यांनीच काढली. बाटलीतले कोकम आहे तसे ठेवले. शेजारी काचेच्या पेल्यात, घरी करतो तसेच एकास चार पाणी घालून सरबत केले आणि तो पेला बाटलीला लागून ठेवला. बाटलीच्या मागे, तिच्याच आकाराहून थोडा लहान कापलेला पांढरा कागद समोरून दिसणार नाही असा तिरका लावला. त्यामुळे दाट कोकमातही तळाशी लाल झाक आली. पेला मात्र दिव्यासारखा उजळला. बाटलीत काय आहे आणि प्यायला काय मिळणार, दोन्ही एका फोटोत खरेखुरे आले. पाणी भरलेल्या बाटलीपेक्षा तो फोटो सरस होता.

घरी फ्लॅश वापरणाऱ्यांना दोन सूचना कळकळीने करतो. पहिली, बिघडलेला फ्लॅश स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत शेकडो व्होल्टचा साठा राहू शकतो, तो जीव घेऊ शकतो. दुसरी, या फ्लॅशच्या तोंडाशी जो छोटा दिवा सतत जळतो, तो हॅलोजनचा असेल तर चांगलाच तापतो. कागद आणि पडदे त्यापासून दूर ठेवावेत आणि लहान मुलांना खोलीत सोडू नये. जुन्या बाजारातला फ्लॅश घेतलात तर तो तारेने थेट डिजिटल कॅमेऱ्याला जोडू नका. काही जुन्या फ्लॅशचे व्होल्टेज कॅमेरा जाळू शकते. बिनतारी ट्रिगर वापरावा.

आगीची गोष्ट निघाली म्हणून आठवले. विजेचे फ्लॅश येण्यापूर्वी मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडीत. १८८७ च्या सुमारास ही पूड निघाली आणि न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस ती घेऊन गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरले. एकेका खोलीत दाटीवाटीने झोपणारी माणसे त्यांनी त्या उजेडात टिपली आणि १८९० मध्ये पुस्तक काढून श्रीमंत शहराला दाखविली. त्या पुडीने आपल्या हातून दोनदा घराला आग लागल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १९३० नंतरच्या काळात अमेरिकेतील प्राध्यापक हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेचा फ्लॅश कामाचा करून दाखविला. रीस यांच्या काळी गरिबाच्या खोलीत फ्लॅश घेऊन बाहेरचा माणूस येई आणि गरिबीचा फोटो काढून नेई. आज त्याच मापाच्या खोलीत आपला भाचा फ्लॅश घेऊन येतो आणि आपल्या बायकांनी केलेल्या मालाचा फोटो काढतो. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

आता हिशेब. ट्रेसिंग पेपर, काळा चार्ट, थर्माकोल आणि चिमटे मिळून २४० रुपये. उस्तादाने फ्लॅशचे भाडे घेतले नाही, म्हणून त्याला प्रत्येक सरबताची एक बाटली दिली. भाच्याला गटाने ५०० रुपये दिले. तो घेत नव्हता. ताई म्हणाल्या, "घे रे बाळा. मेहनतीचा पैसा नाकारू नये. उद्या तूही आम्हाला फुकट राबायला सांगशील." स्टुडिओचे ३,००० वाचले.

दुकानदाराने पहिल्या खेपेला ४८ बाटल्या घेतल्या. फार नाहीत, पण पुन्हा मागणी आली आहे. आणखी एक फायदा असा झाला की, मोठ्या फोटोत पाहिल्यावर कळले, आपली लेबले वाकडी चिकटतात. इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आता गटाने पुठ्ठ्याचा एक साचा केला आहे, त्यात बाटली ठेवूनच लेबल लावतात.

ट्रेसिंग पेपर आणि काळे कागद आम्ही गुंडाळी करून माळ्यावर ठेवले आहेत. ज्या गटाला हवे असतील त्यांनी रविवारी सकाळी घेऊन जावेत. परत आणून देताना घडी मात्र घालू नये. घडी पडली की तीही बाटलीत दिसते.