एकट्याने धावण्याचे थोतांड

झाशीला बदली होऊन आलेल्या आपल्या अधिकारीवर्गात मॅरॅथॉनचा छंद अलीकडे बराच फैलावला आहे. भल्या पहाटे छावणीच्या रस्त्यांवर किंवा ओरछ्याच्या वाटेने जी चार-पाच माणसे धावताना दिसतात, त्यांत एखादा मराठी गृहस्थ हमखास असतो. छंदाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पाठोपाठ आलेल्या तत्त्वज्ञानाबद्दल. धावणे हे म्हणे एकट्याचे तप. सोबत ही दुबळ्यांची गरज. मागे पडलेल्यासाठी थांबणे म्हणजे आपल्या साधनेत खंड. परिणामी गुडघा दुखावलेला सोबती पंधरवडाभर दिसला नाही, तरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी हीच मंडळी त्याच्या दारात दोनदा उभी राहतात, ही गोष्ट निराळी!

हे तत्त्वज्ञान भारदस्त वाटते, पण शरीरधर्माला धरून नाही. नवशिक्याचा दमसास काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मात्र भार सोसायला महिनोन्‌महिने घेतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. आणि एकटा माणूस बहुधा छातीचेच ऐकतो. यावर जुना व बिनखर्चाचा उपाय म्हणजे गप्पा मारीत धावणे. बोलताना सबंध वाक्य पुरे करता येत नसेल तर वेग जास्त झाला, इतका हा साधा हिशेब आहे. मनगटावर महागडी घड्याळे बांधणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

उन्हाचा मुद्दा याहून गंभीर. मे महिन्यात या बाजूला पारा ४५ अंशांवर जातो आणि पहाटसुद्धा गार नसते. उष्माघातात भान सुटते. आपल्याला काही होत आहे हे ज्याचे त्यालाच उमगत नाही. ते शेजारच्यानेच ओळखावे लागते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन सर्वांच्या आधी मैदानात शिरला आणि उलट दिशेने धावू लागला. पुढे तो वारंवार कोसळला. अखेर लोकांनी हात देऊन त्याला शेवटच्या रेषेपार नेले, आणि मदत घेतली म्हणून तो बाद ठरला.

एकांतवादी नेमके यावरच बोट ठेवतील : पाहा, नियमच सोबतीच्या विरुद्ध आहे! परंतु तो नियम शर्यतीच्या दिवसाचा आहे, आधीच्या सहा महिन्यांचा नव्हे. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावू नये हे खरेच. म्हणून कोणी शाळा बंद केलेल्या नाहीत.

झाशीत राहून ध्यानचंदांचा दाखला देणेही ओघानेच येते. चांदण्यात एकटे सराव करीत म्हणून ते 'चंद' झाले, ही कथा इथे प्रत्येकाला पाठ आहे. पण १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४ गोल झाले, त्यांतले १० धाकट्या रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे. चेंडू काय चांदण्याने पुरवला होता?

आपल्या घरचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली. दोराबजी टाटांनी ती पाहिली आणि त्यांचा वेग ओळखला. पुढल्याच वर्षी जिमखान्याच्या खटपटीने व टाटांच्या पैशाने बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला पोचले. तिथली शर्यत आजच्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पुरी करून ते १९वे आले. हे एकट्याचे तप म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही उतरले होते. त्यांना पल्ला पुरा करता आला नाही. चौगुल्यांचे नाव निदान अधूनमधून निघते. दातारांचे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पदक गळ्यात घालून छायाचित्र काढणाऱ्या आजच्या मंडळींचीही हीच रीत. जो पोचला तो आपला, जो वाटेत बसला तो कोण कुठला!

परमुलखात नोकरी करणाऱ्याला ही रीत परवडणारी नाही. इथे नातलग नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत बदलीचा हुकूम ठरलेला. पाय दुखावलेला माणूस घरी बसला की त्याची सकाळ जाते, आणि सकाळीबरोबर सगळा गोतावळाच जातो. तेव्हा जायबंदी सोबत्याचे नाव यादीतून खोडू नये. त्याला सायकलवर पाणी घेऊन सोबत यायला सांगावे, वेळ टिपण्याचे काम त्याच्याकडे द्यावे, पाय बरा झाला की पहिले पंधरा दिवस सर्वांनी त्याच्या चालीने धावावे. वेग घटेल, अशी कुरकुर आत्ताच कानी येते आहे. घटू द्यावा. ओरछा कुठे पळून जात नाही.