वीस दिवसांतील आठ दिवस

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा येतो. ‘शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले, तरी सासूबाई पूर्वीसारख्या चालत नाहीत.’ ‘वडील रोज व्यायाम करतात, परंतु प्रगती दिसत नाही.’ ‘यजमानांचा उत्साहच मावळला आहे, काय करावे?’ या सर्व पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: प्रगती मोजायची कशाशी? त्याचे उत्तर मला आमच्याच घरात, आणि तेही गोल्फसारख्या अनपेक्षित खेळाच्या निमित्ताने मिळाले. तो अनुभव आज वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या थोरल्या बंधूंना घरात लहानथोर सारेच दादा म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. त्यांचे आयुष्य साखर कारखान्याच्या शेतकी विभागात, उसाच्या बांधाबांधाने हिंडण्यात गेलेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि दवाखान्यातून श्रीपूरला घरी येताच त्यांनी जाहीर केले, “आषाढीला अकलूजपासून बोरगावपर्यंत पालखीबरोबर चालणार.” देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अकलूजचा मुक्काम आटोपून, माळीनगरला उभे रिंगण करून बोरगावच्या मुक्कामाला जाते, ती वाट आमच्या श्रीपूरवरून जाते. तरुणपणापासून हा टप्पा दादांनी क्वचितच चुकवला होता. त्यांचा संकल्प ऐकून घरातल्या सर्वांना आनंद झाला, आणि तो कितपत पेलेल हे विचारायचे मात्र राहून गेले.

पहिला दीड महिना नीट गेला. मग पुतण्याने पुण्याहून पावले मोजणारे घड्याळ पाठवले. त्यात दिवसाचे लक्ष्य आधीच भरलेले होते: दहा हजार पावले. एके सकाळी दादा कोणाला न सांगता बाहेर पडले आणि पाऊण तासाने परतले ते गुडघा धरूनच. सूज उतरायला चार दिवस लागले. बरे वाटताच पुन्हा तेच, पुन्हा सूज. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, घड्याळ कपाटात टाकले आणि ते खुर्चीत बसून राहू लागले. “आता या पायांत काही राहिले नाही,” एवढेच म्हणत. वहिनी सकाळी बर्फाने शेकत, गोळ्या देत, व्यायामाची आठवण करीत, आणि त्याबद्दल रोज बोलणी खात.

माघात दादांचे व्याही मुक्कामाला आले. ते सैन्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. पन्नाशी उलटल्यावर गोल्फ शिकले आणि आजही आठवड्यातून दोनदा खेळतात. आपल्याकडे हा खेळ बड्या लोकांचा समजला जातो. तथापि तो या देशाला नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे, आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने या खेळात भारताकडून उतरले होते. श्रीपूरच्या घरात मात्र गोल्फचा विषय प्रथमच निघाला.

दादांनी सहज विचारले, “पाहुणे, एवढी वर्षे खेळता, मग आता अगदी पटाईत झाला असाल?”

“छे! माझा हँडिकॅप सव्वीस आहे,” ते हसून म्हणाले, आणि मग त्यांनी हा शब्द समजावून सांगितला.

गोल्फच्या मैदानात सामान्यतः अठरा खळगे असतात आणि कुशल खेळाडूने ते सारे मिळून साधारण बहात्तर फटक्यांत पूर्ण करावेत अशी अपेक्षा असते. सर्वसामान्य माणसाला ते जमत नाही. म्हणून प्रत्येकाला त्याच्या सध्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सवलत मिळते, तो त्याचा हँडिकॅप. नवख्याला चोपन्नपर्यंत सवलत मिळू शकते. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत हा आकडा काढण्याची रीत अशी: शेवटचे वीस डाव घ्यायचे, मैदानाच्या अवघडपणाचा हिशोब धरून त्यांतले सर्वांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. नवा डाव झाला की सर्वांत जुना गळतो आणि आकडा पुन्हा मांडला जातो.

“म्हणजे बाराची गणतीच नाही?” दादांनी विचारले.

“नाही. बिघडलेले दिवस सगळ्यांचेच असतात. पण एखाद्या दिवशी दैवाने साथ दिली म्हणून तेवढ्यावरही कोणी आपली कुवत ठरवत नाही. आठ दिवसांची सरासरी हवी. शिकायला लागलो तेव्हा पहिल्या दोन वर्षांत माझा आकडा पन्नासवरून अठ्ठावीसवर आला. पुढे अठ्ठावीसचा बावीस व्हायला सहा वर्षे लागली. सत्तरी उलटल्यावर तो पुन्हा वाढून सव्वीस झाला. त्याचे वाईट वाटत नाही, कारण खेळ सुटलेला नाही.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “बरे पाहुणे, तुमचा आडसाली ऊस किती महिन्यांनी तोडतात?”

“सोळा ते अठरा.”

“आणि दहाव्या महिन्यात तोडला तर?”

“वजन भरत नाही, उतारा पडतो.”

“मग गुडघ्याचा उतारा तीन महिन्यांतच कसा मागता?”

दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी माझ्याकडे एक कोरी वही मागितली.

वाचकहो, त्या वहीत आम्ही जे केले ते सांगतो. आधी हे स्पष्ट करतो की हा वैद्यकशास्त्राचा नियम नाही. घरगुती मोजमाप आहे. किती चालावे, कोणते व्यायाम करावेत याची मर्यादा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनीच घालून द्यावी. वही चालवायची ती त्या मर्यादेच्या आत.

दररोज सलग किती मिनिटे चाललो एवढेच लिहायचे. चाललो नाही तर शून्य. शेजारी एक खूण: चालल्यानंतर वाढलेले दुखणे दोन तासांनंतरही टिकले, किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर त्या दिवसापुढे फुली. फुलीचा दिवस चांगल्या दिवसांत धरायचा नाही, मग त्या दिवशी कितीही मिनिटे चाललेले असोत. वीस दिवस झाले की फुली नसलेल्यांतले सर्वांत चांगले आठ निवडून सरासरी काढायची. दादांचे पहिले आठ आकडे होते १२, १२, १२, ११, ११, १०, १०, १०. बेरीज ८८, सरासरी ११. उरलेल्या बारा दिवसांत तीन शून्ये होती आणि एक पंचवीस मिनिटांचा दिवस होता, परंतु त्याच्यापुढे फुली होती. अर्थात त्या घडीला दादा अकरा मिनिटांचे चालणारे होते. पुढच्या आठवड्याचे लक्ष्यही त्यातूनच ठरले: चार दिवस अकरा मिनिटे, आणि ती बिनतक्रार जमली तर एका मिनिटाची भर.

दहा हजार पावले आणि अकरा मिनिटे यांत केवढे अंतर! परंतु दहा हजार हा आकडा मुळात डॉक्टरांच्या सल्ल्यातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता, आणि तो आकडा जगभर रूढ झाला. पुढे २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांत मृत्यूचा धोका पावलांबरोबर कमी होत जातो, परंतु सहा ते आठ हजारांच्या पुढे तो फारसा कमी होत नाही. अत्यल्प चालणाऱ्याने थोडे अधिक चालणे, यातच मोठा लाभ असतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. त्याचबरोबर, ज्यांना तेवढे शक्य नाही त्यांनी आपल्या कुवतीप्रमाणे करावे, असेही सांगते. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये इतपत.

धीर का धरायचा, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली जाणवते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू असलेल्या स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू प्रत्यक्ष भरून येण्यास त्याहून अधिक काळ लागतो. सांधेरोपणानंतरही सर्वांत मोठी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते. पुढे वेग मंदावतो, सूज आणि ताठरपणा कित्येकांना सहा महिन्यांपर्यंत जाणवतो, आणि सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. वेग मंदावला म्हणजे प्रगती थांबली, असा समज करून घेणारे नेमके याच वळणावर काठी कोपऱ्यात ठेवतात.

मात्र काही लक्षणांपुढे धीर धरायचा नसतो. पोटरी अचानक दुखू लागून सुजणे, छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे, जखम लाल होणे किंवा तीतून स्राव येणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर वही मिटून तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. वही ज्याची त्याने लिहावी; हात थरथरत असेल तर त्याच्या सांगण्यावरून आपण लिहावी, परंतु त्यावर शेरा मारू नये. ‘काल बारा होती, आज सातच?’ हा प्रश्न आमच्या घरात बंद झाला आणि सकाळची निम्मी भांडणे संपली. सात मिनिटांचा दिवस हा न मोजल्या जाणाऱ्या बारांपैकी एक, एवढे सर्वांना कळले होते. दुसरी गोष्ट वहिनींनी शिकवली. महिनाभराने एकदा त्या म्हणाल्या, “भाऊजी, यांचा आकडा तुम्ही काढता, माझा कोण काढणार?” मी निरुत्तर झालो. त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर त्यांचे खाते उघडले: दिवसातली त्यांची स्वतःची, कोणाच्याही दुखण्याशी संबंध नसलेली मिनिटे. पहिल्या वीस दिवसांतल्या उत्तम आठांची सरासरी आली नऊ. ती पाहून दादा बराच वेळ गप्प होते. नंतर संध्याकाळचा बर्फ ते स्वतः काढून घेऊ लागले, आणि वहिनी त्या वेळात शेजारणीबरोबर देवळापर्यंत जाऊन येऊ लागल्या.

ज्येष्ठ लागला तेव्हा दादांचा आकडा एकतीस होता. वारीचा विषय त्यांनीच काढला. “अकलूज ते बोरगाव यंदा होणार नाही,” ते म्हणाले. फेब्रुवारीत हेच वाक्य आम्ही बोललो असतो तर ते त्यांना जिव्हारी लागले असते. आता ते त्यांच्या वहीतून आले होते. डॉक्टरांना विचारून आम्ही बेत आखला. पालखी श्रीपुरात येईल त्या दिवशी घरापासून रस्त्यापर्यंत चालायचे, तेथे खुर्चीवर विसावा घ्यायचा, आणि पालखीबरोबर पंधरा मिनिटे. पुढे पुतण्या गाडी घेऊन उभा राहील.

तसेच झाले. टाळमृदंगाच्या गजरात दादा काठी टेकत, वहिनींच्या खांद्यावर एक हात ठेवून निघाले. पंधरा मिनिटे झाली तेव्हा पावले पुढे पडू पाहत होती. मी घड्याळाकडे पाहिले, पण बोललो नाही. आणखी थोडे चालून ते आपणहून बाजूला झाले, वळून पालखीला हात जोडले आणि गाडीत बसले. रात्री वहीत त्यांनी एकोणीस लिहिले. दुसऱ्या दिवशी सूज नव्हती, फुली मारावी लागली नाही.

पाहुण्यांना त्यांनी दूरध्वनीवरून एवढेच कळवले, “एकोणीस झाली. पण ती आठांत बसणार नाही, आकडा एकतीसचा आहे.” पलीकडून हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला.

आपल्या घरातही एखादी काठी कोपऱ्यात ठेवलेली असेल, तर आज एक वही आणावी. पहिले वीस दिवस कोणतेही लक्ष्य ठेवू नये, केवळ लिहावे. एकविसाव्या दिवशी चांगले आठ निवडावेत, आणि तेथून सुरुवात करावी.