खाटेवरचीही आपली, शिकणारीही आपली

आमच्या वऱ्हाडात सुताराचा मुलगा सुतारकी कोठे शिकतो? पुस्तकात नव्हे, बापाच्या शेजारी बसून. लोहाराच्या पोराच्या हाती घण येण्यापूर्वी तो कित्येक दिवस भाता ओढतो, लोखंड कोणत्या रंगाला आले म्हणजे ठोकावे हे डोळ्यांनी पाहतो, आणि मग बापाच्या देखत पहिला घाव घालतो. त्याचा पहिला विळा बिघडला तर थोडे लोखंड वाया जाते, एवढेच. पण नर्सचे काम शिकणाऱ्या मुलीच्या हातून पहिले बाळंतपण बिघडले, तर एका घरची आई जाते किंवा लेकरू जाते. असे असून सुताराच्या पोराला जेवढी उमेदवारी घडते, तेवढीसुद्धा आपल्या काही मुलींना नर्सिंगच्या शाळेत घडत नाही. ही गोष्ट आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमच्या ओळखीच्या एका कुणबी गृहस्थाने जमीन गहाण टाकून मुलीला नर्सिंगला घातले. तो आम्हांस म्हणाला, "पोरीनं पायलं लय, पन हातानं काईच नाई केलं." भिंतीशी उभे राहून तिने बाळंतपणे पाहिली. पाच-दहा मुलींच्या गर्दीत खाट दिसली तर दिसली. शेवटी नोंदवहीतला आकडा मात्र पुरा झाला, त्यावर सही झाली, आणि मुलगी पास झाली. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा आहे. विद्यार्थिनीने गर्भवती किती तपासाव्यात, बाळंतपणे किती करावीत, बाळंतिणी आणि लेकरे किती सांभाळावीत, याचा हिशेब तिने अभ्यासक्रमात घालून दिला आहे. नियम आहेत. पण नियम वहीत पाळला आणि खाटेपाशी मोडला, तर त्याचा उपयोग काय?

हाताला काय यावे लागते ते पाहा. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची १० युनिटे टोचावी लागतात, म्हणजे पिशवी आवळते आणि रक्त थांबते. ते औषध थंड जागी ठेवलेले हवे. वार पुरी पडली की नाही हे उलटून-पालटून पाहावे लागते. पोटावर हात ठेवून पिशवी दगडासारखी घट्ट झाली की कणकेसारखी मऊच आहे, हे ओळखावे लागते. हे ओळखणे पुस्तकात वाचून येत नाही. शंभर लेकरांत सुमारे दहांना पहिला श्वास घेण्यास मदत लागते. त्यांस पुसावे, चोळावे, आणि तरी श्वास आला नाही तर पहिल्याच मिनिटात पिशवी-मास्कने हवा द्यावी लागते. त्या वेळी वही काढून वाचायला सवड नसते. जे शंभर वेळा घोटले तेच हात करतो.

कारंज्याचे उदाहरण घ्या. पोहा, धनज, कामरगाव, उंबर्डा बाजार या बाजूची बाई अडली म्हणजे घरचे लोक कारंज्याच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे धाव घेतात. तेथून पुढे जायचे तर वाशीम, अकोला किंवा अमरावती, कोठेही जा, साठेक किलोमीटर. १०८ ची गाडी आली, समृद्धी महामार्ग आला, हे चांगलेच झाले. पण गाडी येईपर्यंत बाईजवळ कोण असते? बहुधा नर्सच असते. त्या घटकेला महामार्ग कामाचा नाही, नर्सचा हात कामाचा.

२००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेपासून गरिबाघरच्या बाया दवाखान्यात येऊ लागल्या. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या; साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. ही कमाई मोठी आहे. पण बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणणे हे अर्धे काम झाले. दारापलीकडचे अर्धे काम शिकलेल्या हातांचे आहे.

मग या हातांच्या शिक्षणाची अशी हेळसांड का? आमच्या मते याचे मूळ जुन्या खोडीत आहे. आपल्या समाजाने पोथी वाचणाऱ्याला पाटावर बसविले आणि हाताने काम करणाऱ्याला ओट्याखाली उभे केले. गावोगाव सुईण आली म्हणजे आईचा जीव वाचे, पण तिच्या हाताचा विटाळ मानीत. तिला कोणी शिकविले नाही, स्वच्छतेचे ज्ञान दिले नाही. आणि मळक्या विळ्याने नाळ कापली गेली, लेकरू धनुर्वाताने गेले, म्हणजे दोष तिच्याच माथी! आई-बाळाचा तो धनुर्वात देशातून हटला असे २०१५ साली जाहीर झाले, ते लस आणि स्वच्छ हात यांमुळे. ज्या सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना वारल्या, त्यांच्या देशात रोग्याला हात लावण्याचे काम हलके कसे?

आता वाशीमला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आम्हांस आनंद आहे. पण डॉक्टरीचे विद्यार्थी खाटेभोवती उभे राहिले म्हणजे नर्सिंगच्या मुली मागे ढकलल्या जातील, ही भीतीही आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या स्त्रिया. मेलेल्या देहांची चिरफाड करून आलेल्या विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी अधिक मरत. १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि ते मरण झपाट्याने उतरले. यातून धडा एवढाच की शिकणाऱ्याचा हात तारतो तसा मारतोही; त्यावर जाणत्याची नजर हवी.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. सरकारने कारंज्यासारखी तालुक्याची रुग्णालये नर्सिंगच्या मुलींसाठी शिकण्याची जागा म्हणून नीट बांधून द्यावीत, आणि दर चार-पाच मुलींमागे एक अनुभवी सिस्टर शिकविण्याच्याच कामासाठी नेमावी. बाळंतीण घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाते. तिच्याबरोबर या मुलींना मळ्यात, तांड्यावर, झोपडीत पाठवावे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच बायांना असे हाताला धरून शिकविले, तेव्हा तेथील नवजात बालकांचे मरण अर्ध्याहून अधिक घटले. हे १९९९ साली जगापुढे आले आहे.

बाळंतिणीचाही मान राखला पाहिजे. ती आमची बहीण आहे, शिकविण्याचे सामान नव्हे. तिला विचारून, पडदा ओढून, एका वेळी एकाच मुलीने हात लावावा. गर्दी नको, ओरडणे नको.

आणि शेतकरी, कारागीर बांधवांनो, तुम्हीही एक काम करा. बैल घेताना दात पाहता, बियाणे घेताना मूठभर उगवून पाहता. मग हजारो रुपये फी भरताना नर्सिंगच्या शाळेला विचारा : तुमचे रुग्णालय कोणते? तेथे महिन्याला बाळंतपणे किती होतात? माझी मुलगी स्वतःच्या हाताने किती करील, आणि तिच्यामागे कोण उभे राहील? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

लक्षात ठेवा, खाटेवर कळा देणारी आपल्याच घरची आहे आणि तिच्या उशाशी शिकायला उभी असलेलीही आपल्याच घरची आहे. एकीचे शिक्षण कच्चे राहिले, तर दुसरीचा जीव जातो.