गिटार : छंद की विद्या?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक वाक्य फार प्रचलित आहे. मुलाने अथवा मुलीने गिटार हाती घेतली की पहिली दोन वर्षे कौतुकात जातात. पाहुण्यांसमोर एखादे गाणे वाजवावयास लावतात. वाढदिवसास नवी गिटारही येते. परंतु बारावीचा निकाल लागल्यावर तेच अपत्य जर म्हणाले, ‘मला संगीत महाविद्यालयात जाऊन हेच शिकावयाचे आहे,’ तर घरातील वडीलधारी मंडळी एकमुखाने उत्तर देतात, ‘छंद म्हणून ठीक आहे!’ पुण्यातील पेठांपासून मुळशी तालुक्यातील चांदे गावापर्यंत कोठेही जा, उत्तर हेच मिळेल. आमच्या मते हे चार शब्द दिसतात तितके निरुपद्रवी नाहीत. त्यांत वाद्याचा अनादर आहे, विद्येचा अनादर आहे, आणि ज्या मराठी गाण्याच्या प्रेमापोटी ते उच्चारले जातात त्याचेही अहित आहे.

हे शिक्षण म्हणजे काय, हे ठाऊक नसता त्यावर निकाल देणारेच पुष्कळ. म्हणून ते आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेत बॉस्टन शहरी १९४५ साली बर्कली हे विद्यालय निघाले आणि जॅझसारख्या त्या काळच्या चालू संगीताचे पद्धतशीर शिक्षण तेथे सुरू झाले. चेन्नईस ए. आर. रहमान यांनी २००८ साली संगीत महाविद्यालय काढले. अशा ठिकाणी समकालीन गिटारवादन शिकणे म्हणजे लोकप्रिय गाणी घोकणे नव्हे. ऐकलेला स्वर ओळखून कागदावर उतरविणे; पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी समोर येताच वाजविणे; कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा समूह, कसा बनतो व एकीमागून दुसरी का येते हे जाणणे; जॅझ, ब्लूज, रॉक यांच्या लयींतील भेद बोटांत मुरविणे; गायकास साथ करणे; आयत्या वेळी नवी स्वररचना करणे; आणि दहा जणांत बसून आपला आवाज किती ठेवावा हे समजणे, इतका हा अभ्यास आहे. रविवारच्या तासाभराच्या शिकवणीत यांतील किती साधेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वाद्याच्या परकेपणाचा. गंमत अशी की, तो बहुधा बाजाच्या पेटीशेजारी बसून घेतला जातो! हार्मोनियमचे पेटंट दब्यां नावाच्या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले. ती पेटी येथे आली, मांडी घालून व एका हाताने भाता हलवून वाजविण्याजोगी झाली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाच्या हाती पडून मराठी रंगभूमीचा श्वास बनली. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकास चाली देणारे टेंबे हे पेटीवादकच होते. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीस परकी व अपुरी ठरवून बंदी घातली, ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. एवढ्या काळात पेटी ना देवळातून हलली ना घरातून. गिटारचीही गोष्ट वेगळी नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेतली, तारेवर धातूची कांडी सरकवून मिंड काढली, आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. विश्वमोहन भट्ट यांस गिटारवरील भारतीय वादनासाठी १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वाद्य कोठे जन्मले याचा हिशेब जकात नाक्याने ठेवावा. ते कोणाच्या हाती काय बोलते, एवढेच संगीताने विचारावे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. गिटार हे टोळक्यात बसून वाजवावयाचे वाद्य, त्याला महाविद्यालय कशाला, असे म्हणतात. हा आक्षेपही आमचा स्वतःचा नव्हे. तो खुद्द स्पेनमध्ये होऊन गेला. आन्द्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाच्या तरुणपणी तेथेही गिटार ही गुत्त्यातील नाचगाण्यास शोभणारी वस्तू मानली जाई आणि मोठ्या संगीतगृहांची दारे तिला बंदच असत. सेगोव्हियाने १९०९ साली ग्रनाडा येथे पहिली जाहीर मैफल केली, आणि पुढची सात-आठ दशके ती दारे उघडण्यात घालविली. ज्यांच्या तमाशातील ढोलकीला एके काळी घराच्या उंबरठ्याआत जागा नव्हती, त्यांनी तरी वाद्याची जात विचारू नये.

तिसरा आक्षेप अधिक विचारी लोकांचा आहे. कला गुरूपाशी शिकावी, वर्गात फळ्यासमोर बसून कोणी कलावंत झाला आहे काय, असे ते विचारतात. हाच प्रश्न विष्णु दिगंबर पलुस्करांनाही विचारला गेला होता. कुरुंदवाडच्या या गायकाने ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेव्हा गाणे म्हणजे राजाश्रयाची अथवा बदनाम वस्तीची बाब, असा समज होता. वर्ग, पाठ्यपुस्तके, परीक्षा व जनतेची वर्गणी यांच्या बळावर त्यांनी ते भल्या घरांतील मुलामुलींपर्यंत आणले. वकिली शिकलेल्या भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. या संस्थांतून प्रत्येक विद्यार्थी मोठा गवई झाला नाही, हे खरे. परंतु ऐकणारा, जाणणारा, शिकविणारा असा जो वर्ग महाराष्ट्रात निर्माण झाला, तो या वर्गांविना झाला असता काय? आज मैफलीत जाणकारीने मान हलविणारे आमचे गृहस्थ त्याच वर्गांचे फळ आहेत. ज्या शिडीने आपण वर आलो ती गिटार शिकणाऱ्या मुलासाठी मात्र काढून घ्यावयाची, हा कोठला न्याय?

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. गिटारमुळे मराठी गाणे बिघडते, अशी तक्रार आम्ही ऐकतो, आणि ती पुष्कळदा खरी असते. तिचे कारण मात्र वाद्यात नसून अर्धवट शिक्षणात आहे. गिटारच्या दांडीवर पक्के पडदे असतात. सप्तकाचे १२ समान भाग करून ते बसविलेले असतात. गळा असा विभागलेला नसतो. तंबोऱ्याच्या षड्जातून सहज ऐकू येणारा शुद्ध गंधार हा पडद्यावरील गंधारापेक्षा किंचित उतरता आहे. एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर १०० मानले, तर हा फरक सुमारे १४ भरतो. ऐकावयास तो लहान आहे, परंतु गायक गंधारावर थांबला आणि वादकाने त्याच क्षणी तिन्ही स्वरांची भरगच्च कॉर्ड वाजविली, की दोन गंधार एकमेकांना घासतात आणि भावगीताचा जीव जातो. शिकलेला वादक तेथे गंधार गाळून केवळ षड्ज-पंचम धरील, किंवा एकच तार छेडील, किंवा गप्प बसेल. कोठे गप्प बसावे हे छंदाने कळत नाही. त्यास कान तयार व्हावा लागतो, आणि कानास वर्षे लागतात. तेव्हा गिटार आमचे गाणे नासवील अशी ज्यांस भीती वाटते, त्यांनीच ती नीट शिकविली जावी असा आग्रह सर्वांआधी धरला पाहिजे. ‘छंद म्हणून ठीक आहे’ म्हणणारे गृहस्थ ज्या तीन-कॉर्डी वाजविण्याला नाके मुरडतात, ते त्यांच्याच उपदेशाचे फलित आहे.

चांदे गावातील एखादा मुलगा कल्पनेत आणा. पुणे शहर त्याच्या गावाकडे सरकत आले आहे. शेताशेजारी इमारती उठत आहेत. हातातल्या यंत्रावर साऱ्या जगाचे संगीत त्याला ऐकू येते. परंतु त्याच्या कानाचा पाया भजनाचा आहे. टाळ, पखवाज, पेटी आणि मोकळा गळा यांत तो वाढला. पेटीचेही स्वर पक्केच असतात आणि गळा त्यांच्यामधून वाट काढतो, हा अनुभव त्याला न शिकविता मिळालेला आहे. असा मुलगा गिटार शिकावयास निघाला, तर तो रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या भजनाची लय आणि ब्लूजची लय समोरासमोर ठेवील असे महाविद्यालय त्याला मिळाले, तर आजवर कोणी न ऐकलेले काही मराठीत निर्माण होण्याचा संभव आहे. त्याला ‘छंद’ म्हणून घरी बसविले, तर तो दुसऱ्यांच्या चाली नकलून लग्नाच्या मांडवात वाजवील.

राहता राहिला उपजीविकेचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्याचा नाही. गिटारने श्रीमंती येईल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांस स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या मुलांतून मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा वाद्यवृंद उभा राहिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस वडिलांपाशी शिकले. पुढे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य झाले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. संगीतकाराला सुचलेली चाल प्रत्येक वादकासाठी कागदावर मांडण्याचे काम या मंडळींनी केले, आणि ती गाणी आमच्या घरांत तीन पिढ्या गुणगुणली. त्यांची नावे ध्वनिमुद्रिकांवर क्वचितच छापली गेली, हा अन्याय निराळा. परंतु गावातील शाळेने दिलेल्या पद्धतशीर विद्येवर त्यांनी संसार चालविले, हे नाकारता येणार नाही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन भलत्याच कचेरीत बसलेले तरुण आमच्या नात्यांत कमी आहेत काय? त्यांची पदवी फुकट गेली असे आपण म्हणत नाही. ‘अनुभव मिळाला’ म्हणतो. हे औदार्य गिटारच्या वाट्यास का येऊ नये?

याचा अर्थ असा नव्हे की, पाटी लावलेल्या प्रत्येक संस्थेपुढे पालकांनी डोळे मिटून शुल्क ठेवावे. या क्षेत्रात कागद विकणारे पुष्कळ निघाले आहेत. परक्या देशाच्या परीक्षेचे आठ तुकडे घोकून घ्यावयाचे, शेवटी चकचकीत प्रमाणपत्र हाती द्यावयाचे आणि त्यास शिक्षण म्हणावयाचे, हा प्रकार ‘छंद’ या शब्दाइतकाच घातक आहे. म्हणून पालकांनी तीन प्रश्न विचारावे. येथे विद्यार्थी रोज इतरांबरोबर वाजवितो, की एकट्याने कोठडीत बसतो? तो ऐकलेले लिहितो व लिहिलेले वाजवितो काय? आणि बाहेर पडण्यापूर्वी एक ओवी, एक अभंग, एक लावणी यांस स्वतः विचार करून साथ देण्याची कसोटी त्यास लागते काय? तिसऱ्या प्रश्नास जेथे ‘नाही’ हे उत्तर मिळेल, ते महाविद्यालय महाराष्ट्रात असूनही महाराष्ट्राचे नव्हे, असे आम्ही खुशाल म्हणू.

हे प्रश्न विचारण्यासाठी पालकास संगीताची पदवी लागत नाही. वैद्यकीच्या महाविद्यालयाची चौकशी तो जितक्या कसोशीने करतो, तितकी कसोशी पुरे. ती चौकशी करून मग ‘नाही’ म्हटले, तर त्या नकारास आम्ही मान देऊ. मुलाने कोणती विद्या घ्यावी हे ठरविण्याचा बापाचा हक्क आता तसाही फारसा उरलेला नाही. परंतु ती विद्या आहे की छंद, हे न पाहताच ठरविण्याचा हक्क तर त्यास कधीच नव्हता.