ताकद वाढवलेले इंजिन किती टिकते?

पुनावळ्याहून एका भगिनीने सप्रेम जयभीम लिहून विचारले आहे, "मुलाने जुनी पोलो जीटी पेट्रोल घेतली. गाडीचे तीन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. आता तो गॅरेजमध्ये इंजिनची ताकद वाढवून घेणार म्हणतो. इंजिनाला काही होत नाही, असे गॅरेजवाल्याने सांगितले आहे. हप्ते फिटेपर्यंत तरी इंजिन टिकेल का?"

ताई, गाडी तर आपल्याच पट्ट्यातली. २००९ पासून २०२२ पर्यंत पोलो चाकणच्या कारखान्यात बनली. तुमच्या मुलाची जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. इंजिन जेमतेम १.२ लिटरचे, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्ती. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. किती कोंबायची ते गाडीतला संगणक ठरवतो. गॅरेजवाले ज्याला 'रीमॅप' म्हणतात त्यात हाच हिशेब बदलतात. हवा वाढते, पेट्रोल वाढते, सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, गॅस्केट मात्र जुनेच राहतात.

कंपनी हे भाग गरजेपेक्षा थोडे भक्कम करते. कोणी उन्हाळ्यात घाट चढवतो, कोणी हलके पेट्रोल भरतो, कोणी ऑईल वेळेवर बदलत नाही. त्यासाठी ती शिल्लक असते. रीमॅपवाला ताकद आणतो ती याच शिलकीतून. "काही होत नाही" हे त्याचे बोलणे म्हणूनच खरे नाही.

पण इंजिन महिन्याभरात बसेल, असेही नाही. सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने जायला अशा गाडीला १५-२० अश्वशक्ती पुरते. तेवढ्यात रीमॅप केलेली आणि न केलेली गाडी सारखीच. झीज होते ती पाय पूर्ण दाबल्यावर. वाढीव ताकद मिनिटभर वापरली तर मिनिटभराचा ओव्हरटाइम, रोज तासभर वापरली तर रोजचा ओव्हरटाइम. शर्यतीतल्या गाड्या पाहा. फॉर्म्युला वनमध्ये २०२४ साली २४ शर्यतींना प्रत्येक चालकाला चार इंजिने मिळत होती. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाडीची धाव चार सेकंदांत संपते आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलून पुन्हा बांधतात! कोणी त्याला वाईट इंजिन म्हणत नाही. ते तेवढ्याचसाठी केलेले असते.

आमचा अंदाज विचाराल तर असा: नीट राखलेले मूळ इंजिन दोन लाख किलोमीटर सहज जाते. बेताचा रीमॅप आणि शांत पाय असेल तर लाख-दीड लाख. रोज सिग्नलवर शर्यत लावली तर चाळीस-पन्नास हजारातही इंजिन खोलावे लागेल. त्यात तुमची गाडी जुनी आहे. तिचे आधीचे किलोमीटर यातूनच वजा करा.

आम्हाला इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची काळजी जास्त वाटते. या गाडीचा आपोआप बदलणारा सात गिअरचा बॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या पिळासाठी केलेला आहे. मूळ इंजिनाचा पीळ १७५. रीमॅपनंतर तो २५० च्या जवळ पोचतो. कोरडा क्लच रांगत्या गर्दीत तापतो, आणि पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी संध्याकाळी गाड्या कशा रांगतात हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! आधी क्लच जाईल, इंजिन नंतर.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला कळवले नसेल तर अपघाताच्या वेळी दावा अडतो. तेव्हा हप्ते मात्र थांबत नाहीत.

हप्ते फिटेपर्यंत थांब, असेच आम्ही मुलाला सांगू. ऐकलाच नाही, तर गॅरेजवाल्याकडून आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाचे कमी भरले तर विषय तिथेच संपला. ऑईल कंपनी १५ हजार किलोमीटरला सांगते, ते सात-आठ हजारांना बदलावे. लांबून जोरात आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे टर्बोतले ऑईल जळून चिकटत नाही. आणि संगणकातली मूळ फाईल गॅरेजवाल्याकडे न ठेवता पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. गाडी विकायची वेळ आली की तीच लागते.